मधातुपाने माखलेली कुऱ्हाड

रामाकोन्याच्या शिवारात गेल्या माघात एक जुनी संत्र्याची बाग मोडली गेली, आणि अवजार जुनेच जपावे की नवे घ्यावे, हा ज्या प्रश्नावर मी लिहीत आहे तो त्या बागेच्या बांधावर बसलो असतानाच माझ्या मनात रुजला. डिंक्या रोगाने खोडांच्या साली कुजल्या होत्या, मृग बहार फुटत नव्हता आणि आंबिया बहार धरत नव्हता. तेव्हा मालकाच्या निर्णयाला हरकत घेण्याचे मला काही कारण नव्हते. यांत्रिक साखळीकरवतीला आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात सरसकट ‘कटर’ म्हणतात. असे दोन कटर घेऊन बाप आणि लेक आले होते. बापाचे यंत्र जुने, रंग उडालेले, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेले. चौथ्या हिसक्याला ते सुरू झाले, तेव्हा म्हाताऱ्याने मान कलती करून क्षणभर कान दिला, लहानशा पेचकसाने कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवला आणि मग समाधानाने मान हलवली.

“हिचं काय दुखते ते मले आवाजावरूनच समजते, गुरुजी,” तो म्हणाला. “नवी बिघडली का दुकानात न्या लागते, अन् तो दुकानदारही निस्ता पार्ट बदलवते.”

ही आसक्ती म्हणावी की विद्या? मोहाचा त्याग करावा असे बहुतेक दर्शने सांगतात, परंतु चाळीस वर्षांच्या अभ्यासाने कानात साठलेल्या ज्ञानाला मोह म्हणून निकालात काढण्याचा अधिकार कोणत्याही दर्शनाला आहे, असे मला वाटत नाही. भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला रथाचा दृष्टांत देऊन विचारले होते की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. आणि सर्व भागांचा मेळ जमला की त्या मेळाला ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचे नाव मिळते, हे राजाच्या गळी उतरवले होते. या म्हाताऱ्याच्या यंत्राचा पिस्टन दोनदा बदललेला, पाते कितीदा बदलले याचा हिशेब नाही, आणि साखळ्या तर वर्षाकाठी झिजतातच. तरीही तो तिला ‘माझी जुनी’ म्हणतो. त्याचे प्रेम लोखंडावर असते तर ते केव्हाच भंगारात गेले असते. ते आहे त्या लोखंडाशी जडलेल्या स्वतःच्या श्रवणावर. आणि 2019 साली साखळीकरवती बनवणाऱ्या श्टील कंपनीने बाजारात आणलेल्या यंत्राप्रमाणे जिथे इंधनाचे प्रमाण विद्युत्-यंत्रणाच ठरवते, तिथे त्या श्रवणाला करण्यासारखे काही उरत नाही. ही हानी खरी आहे, आणि नव्याचे स्वागत करताना तिची नोंद कोणी दप्तरी घेत नाही, याचे मला दुःख वाटते.

परंतु लेकाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. तो बापासमोर काही बोलला नाही, मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाबाच्या बोटाले रात्री मुंग्या येतात, गुरुजी. थंडीत बोटं पांढरी पडतात, भाकरीचा तुकडाबी तोडता येत नाही.” जुन्या यंत्रांच्या अखंड कंपनाने बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडतात, हे वैद्यकाला फार दिवसांपासून ठाऊक आहे. 1926 साली आंद्रेआस श्टील याने जर्मनीत केलेली विजेची करवत 48 किलो वजनाची होती व तिला दोन माणसे लागत; 1959 पर्यंत तेच काम 12 किलोचे, सहा अश्वशक्तीचे यंत्र एका माणसाच्या हातात करू लागले; पुढे कंपन शोषणाऱ्या मुठी आल्या, आणि पाते उसळून अंगावर आले तर साखळी क्षणार्धात थांबवणारा ब्रेक आला. या प्रत्येक सुधारणेमागे कोणाचे तरी तुटलेले किंवा बधिर झालेले शरीर आहे. अहिंसेचा आरंभ स्वतःच्या हातापासून करावयाचा असेल तर निवाडा लेकाच्या बाजूने द्यावा लागतो, आणि मी तो निःसंकोच देतो. बापाने नवे यंत्र घ्यावे.

इथे प्रश्न संपला असता, तर मी लेखणी उचलली नसती. यंत्र हलके झाले, सुखावह झाले, आता बॅटरीवर चालणारे तर जवळजवळ मुके झाले. आणि प्रत्येक पायरीवर इच्छा व कृती यांच्यामधले अंतर आटत गेले. हे अंतर पूर्वी मुद्दाम राखले जाई: वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवप्रतिमेसाठी लाकूड आणण्याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. स्मशानातले, वाटेवरचे, देवळापाशी किंवा वारुळावर वाढलेले झाड तोडू नये. योग्य झाड सापडले तरी त्याची रात्री पूजा करावी, नैवेद्य दाखवावा, त्यावर वसणाऱ्या भूतांना हा बळी स्वीकारून दुसरीकडे वस्ती करण्याची विनंती करावी. आणि पहाटे झाडावर पाणी शिंपडून, मध व तूप माखलेल्या कुऱ्हाडीने ईशान्येकडून पहिला घाव घालून मग प्रदक्षिणेच्या क्रमाने तोडावे, असा तो विधी आहे. भूतांवर विश्वास असो वा नसो, या विधीने एक रात्र राखून ठेवली, ही गोष्ट मला मोलाची वाटते. कुऱ्हाडीला मध लावणारा माणूस तेवढा वेळ ती कुऱ्हाड हातात घेऊन, आपण काय करणार आहोत हे जाणून बसलेला असतो. देवाच्या मूर्तीसाठीही झाड मारावे लागते आणि ते मारणेच असते, हे ज्या धर्माने इतक्या स्वच्छपणे मान्य केले, त्याच्याविषयी माझा आदर त्या अध्यायाने वाढवला.

सागाच्या बाबतीत आज निदान अर्ज, तपासणी, हुकूम आणि वाहतुकीचा परवाना एवढे तरी मध्ये उभे असते. सरकारी दिरंगाईला लोक नावे ठेवतात, पण त्या हरवलेल्या रात्रीची ती एक फिकट सावलीच आहे, असे मला कधी कधी वाटते. या संत्र्याच्या झाडांना तेवढाही आडोसा मिळाला नाही. त्या दिवशी पहिले झाड आडवे व्हायला एक मिनिटसुद्धा लागले नाही. कापलेल्या खोडातून ओला, आंबटगोड वास आला, आणि मालकाची म्हातारी आई, जिने ती रोपे ओंजळीने पाणी घालून जगवली होती, ती घरून बांधापर्यंत येऊन पोहोचण्यापूर्वी तिसरी ओळ संपत आली होती.

रामाकोना, सौंसर, पांढुर्णा इथल्या बागायतदारांना माझी विनंती आहे. यंत्र नवेच बोलवा, कटरवाल्याच्या बोटांसाठी तेच योग्य आहे. मात्र त्याला सकाळची वेळ द्या, आणि आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना, विशेषतः ज्यांनी ती झाडे लावली त्यांना, बागेत घेऊन जा.