झोळी आणि लेखणी

रायपूरजवळच्या बीरगांवाशेजारी, उरला औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीची लगबग सुरू आहे. अशा वेळी रायपूरच्या एका मराठी कर्त्या पुरुषाची आठवण काढू या. पंडित माधवराव सप्रे.

जन्म १८७१चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. घरची भाषा मराठी. चालून आलेली सरकारी नोकरी त्यांनी नाकारली आणि १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ मासिक काढलं. पुढे नागपुरात ‘हिंदी केसरी’. १९०८मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, आणि घरच्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी माफीनाम्यावर सही केली. त्यांना दोष देणारे तेव्हाही होते. मला मात्र त्या सहीत संसाराचा भार वाहणारा माणूस दिसतो. स्वतःला त्यांनी सहज माफ केलं नाही. शिकलासवरलेला, नावाजलेला हा संपादक रामदासी व्रत घेऊन, खांद्याला झोळी लावून दारोदार मधुकरी मागत फिरला.

त्या उपासनेतूनच पुढचं काम उभं राहिलं. समर्थांचा दासबोध त्यांनी हिंदीत नेला. लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ १९१५मध्ये मराठीत निघालं, आणि पुढच्याच वर्षी सप्र्यांचा हिंदी अनुवाद. केवढा जाडजूड तो ग्रंथ! ओळ न् ओळ हाताने उतरवायची. शिवाय रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा.

२३ एप्रिल १९२६ला रायपुरातच त्यांनी देह ठेवला. उत्तरेतल्या कितीतरी घरांत टिळकांची गीता पोचली, ती या रायपूरकर गृहस्थाच्या शब्दांत.