पाहुण्याचे हात

परभणीहून गंगाखेडच्या वाटेवर पोखर्णी लागते. नृसिंहाच्या दर्शनाला आलेला माणूस देवळाबाहेर चपला काढतो, पाय धुतो, मगच आत जातो. हे त्याला कुणी सांगावे लागत नाही.

याच परिसरात एका माघात, करडई फुलली असताना, बांधालगत मधमाश्यांच्या पेट्या दिसल्या. मी कुतूहलाने थेट त्यांच्याकडे निघालो. मधपाळाने लांबूनच हात वर केला. "मामा, याच्या आधी दुसरीकडच्या पेट्यांना हात लावून आलात का?" मी हो म्हणताच त्याने साबण आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. चौकटी सोडवायची पटाशीही त्याने सोड्याच्या पाण्यात घासून, जाळावर धरून मगच हातात घेतली.

मी डंखाची भीती घेऊन गेलो होतो. माझ्यामुळे माश्यांना काही होईल, हे मनातही आले नव्हते. पण हातमोज्याला लागलेला मध, पटाशीला चिकटलेले मेण यांतून रोग एका पेटीतून दुसरीत जातो. अमेरिकन फाउलब्रूड या रोगाचे बीजाणू जुन्या पेटीत ३५ वर्षांहून अधिक काळ तग धरतात. सॅकब्रूडच्या विषाणूने अळीची पाण्याने भरलेली पिशवी होते. १९९१-९२ च्या सुमारास याच रोगाने दक्षिण भारतात सातेरी माश्यांच्या असंख्य वसाहती संपवल्या. पेट्यांवर पोट असलेली कितीतरी घरे त्या तडाख्यात सापडली.

आपली काळजीही घ्यावीच. फिकट रंगाचे, अंगभर कपडे घालावेत, अत्तर लावू नये. केळे खाऊन जाऊ नये, कारण माशीच्या धोक्याच्या इशाऱ्याचा वास केळ्यासारखाच असतो. पेटीच्या दारासमोर न थांबता बाजूला उभे राहावे. डंख बसलाच तर काटा नखाने लगेच खरवडून काढावा आणि जागा धुवावी, कारण तोच वास बाकीच्या माश्यांना बोलावतो. अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

निघताना मधपाळाने चमचाभर मध हातावर दिला आणि चमचा लगेच धुवायला घेतला. उघड्यावर मध राहिला की दुसऱ्या पेट्यांच्या माश्या त्यावर तुटून पडतात, आणि रोगाला आयती वाट मिळते. घेणाऱ्यानेही जपून घ्यावे, हे मला त्या चमच्याने शिकवले.

आपण ज्या घरी जातो, तिथले आजारपण वाढवून येऊ नये, एवढा पाहुण्याचा धर्म आपण माणसांच्या बाबतीत पाळतो. पेटी हेही हजारो जिवांचे घर आहे. तिथे जाल तेव्हा मधपाळाने सांगायची वाट पाहू नका. आधी हात धुवा.