धनी कोण?

मुलांच्या हातीं मोबाईल द्यावा काय, असें कोल्हापुराकडील वाचक आम्हांस पुसतात. सन २०२० त टाळेबंदींत याच यंत्रावर शाळा भरली. तेव्हां त्यास सरसकट दोष देणें न्याय्य नव्हे. घरांत धनी कोण, यंत्र कीं मनुष्य, हें पाहावें. शेजारच्या सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव येथें सन २०२२ मध्यें नियम झाला : सायंकाळीं ७ वाजतां भोंगा होतांच घरोघर मोबाईल व टीव्ही बंद, ८.३० पर्यंत अभ्यास व वाचन. एकट्या घराचा नियम शेजारघरीं मोडतो. सर्व गांवाचा झाला म्हणजे पाळणें सोपें जातें. तथापि भोंगा केवळ आठवण देतो. ज्या बापाच्या हातून मोबाईल सुटत नाहीं, त्यानें मुलास कोणत्या तोंडानें सांगावें?