'न मम' कोणी म्हणावे?

गेल्या माघात शेजारच्या एका डोहाळजेवणास बसण्याचा योग आला. हिरवे लुगडे, फुलांची वाडी, भरलेली ओटी, सारे यथासांग झाले आणि अखेर पालथ्या वाट्या पुढे आल्या. मुलीने वाटी उचलली, पेढा निघाला, टाळ्या झाल्या. आणि रक्तातील साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी जिला गोडाविषयी सक्त ताकीद दिली होती अशी ती मुलगी पेढा तळहातावर घेऊन तशीच बसून राहिली. "बाळासाठी खा गं, आजच्या दिवशी काही होत नाही," असे मावशी म्हणाल्या, आणि तिने तो खाल्ला.

गर्भिणीस दोन हृदये असतात, म्हणून तिच्या इच्छेचा अवमान करू नये, असे चरक सांगतो. परंतु गर्भास घातक ते वगळावे, आणि इच्छा अनावरच झाली तर अहितकर वस्तूही हितकर वस्तूच्या जोडीने द्यावी, अशी तजवीजही तो करून ठेवतो. ही बारकाई आपण विसरलो.

त्या मुलीची साखर वाढली तीही गर्भापायीच. वारेतून स्रवणारी संप्रेरके मातेच्या शरीरास इन्सुलिनला पूर्वीसारखे जुमानू देत नाहीत, ते गर्भाला साखर पुरावी म्हणून. बहुतेकींचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन निर्माण करून हा वाढीव खर्च भागवते, जिचे भागवू शकत नाही तिला गर्भारपणातला मधुमेह जडतो. साखर वार ओलांडते, आईचे इन्सुलिन ओलांडत नाही. तेव्हा गर्भालाच स्वतःच्या इन्सुलिनने त्या साखरेचा बंदोबस्त करावा लागतो आणि तो फाजील वाढतो. मातेच्या वाट्यास रक्तदाबाचे विकार, अवघड प्रसूती, आणि पुढील आयुष्यात कायमच्या मधुमेहाचा कैक पटींनी वाढलेला धोका येतो. या आजाराला कोणी पूर्वसंचित म्हणतात. दुसऱ्या जिवाच्या पोषणापायी जे शरीर थकले, त्याच्यावर पापाचा आरोप ठेवणे मला अधर्म्य वाटते.

मातृत्व म्हणजे त्याग, हे आपण फार सहज बोलतो. यज्ञात आहुती अग्नीत टाकणारा ऋत्विज असतो, परंतु 'न मम' हा उच्चार यजमानाचा. द्रव्यावरील स्वत्व ज्याचे, ते सोडण्याचा अधिकारही त्याचाच. जिला आपल्या देहाची पुरती हकीकत कोणी सांगितली नाही, जिच्या वतीने इतरांनीच 'न मम' म्हणून टाकले, तिच्या सोसण्याला त्याग हे नाव देता येत नाही. ती उपेक्षा होय, मग तिच्याभोवती कितीही फुले माळलेली असोत.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते, घर बाळाच्या वजनाच्या हिशेबात आणि डिंकाच्या लाडवांत गुंतते, आणि आईच्या चाचणीचा कागद फायलीत तसाच राहतो. प्रसूतीनंतर 6 ते 12 आठवड्यांच्या मुदतीत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन ही तपासणी करावयाची असते, आणि त्यापुढेही ती ठरावीक काळाने करीत राहावयाची असते. तपासणीच्या सकाळी बाळाला घरातल्या कोणीतरी सांभाळावे आणि तिला जाऊ द्यावे.