भागीदार कोणाला म्हणायचं?

धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकलेले, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थशास्त्रज्ञ. लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. प्रवरा सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळात मात्र गाडगीळ अध्यक्ष आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष होते, आणि हे नातं नुसतं कागदावरचं नव्हतं. प्रदेशाच्या विकासाचा आराखडा कोणी, कोणाबरोबर बसून करायचा, या प्रश्नाचं महाराष्ट्रातलं सर्वांत चांगलं उत्तर त्या मंडळात मिळतं.

भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं, ऊस उभा राहिला. पण शेतकऱ्याच्या हातात पैसा काही टिकेना. गुळाचे भाव कोसळले की तो सावकाराच्या दारात, आणि खासगी कारखान्यांचा नफा परगावच्या मालकांच्या खिशात. विठ्ठलरावांनी 1923 मध्येच गावात सहकारी पतपेढी काढली होती, त्यामुळे कर्जाची ही गाठ त्यांना आतून ठाऊक होती. गाडगीळांना भांडवलाचं आणि सहकाराच्या कायद्याचं गणित ठाऊक होतं. कारखाना उभारायचा ठरला तेव्हा विठ्ठलराव गावोगाव फिरले आणि एकेका शेतकऱ्याला शेअर घ्यायला लावला. 1948 मध्ये नोंदणी झाली, 1950 च्या अखेरीस गाळप सुरू झालं. देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना तो हाच.

शेअर घेतलेला शेतकरी वार्षिक सभेत उभा राहून हिशेब मागू शकत होता. ऊस दोन एकर असो की वीस, मत एकच. पुढे उसाच्या बिलातून कापलेल्या रकमांवर शाळा, दवाखाने, महाविद्यालयं उभी राहिली. गाडगीळांनी पुण्याहून नुसता अहवाल पाठवला असता तर तो कुठल्या तरी कपाटात पडून राहिला असता. विठ्ठलराव एकटे असते तर इतक्या मोठ्या कर्जाची बोलणी अवघड गेली असती.

मराठीत भागीदार, भागधारक, भागभांडवल हे सगळे शब्द 'भाग' या एकाच मुळातून आलेत. ज्याचा भाग, त्याचा शब्द, हा त्यातला अर्थ. सरकारी कागदात मात्र माणूस भेटतो तो 'लाभार्थी' म्हणून. लाभार्थ्याला मिळतं, त्याला विचारलं जाईलच असं नाही. आज राज्यात प्रत्येक जिल्ह्याचा विकास आराखडा तयार होतो आणि त्यात 'स्थानिक भागीदारां'चा उल्लेख आवर्जून असतो. त्या भागीदाराचा भाग कोणता आणि 'हे नको' म्हणायचा हक्क त्याला आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो शब्द मान्य करू नये.

राज्यघटनेने हे प्रश्न आधीच हेरले होते. 1992 च्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आली आणि तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत, अशी तरतूद झाली. मात्र 2022 नंतर काही वर्षं राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या. निवडून आलेले सदस्यच नाहीत, तर चार-पंचमांश कुठून आणायचे? नियोजन अडलं नाही, निधीही खर्च झाला. गावाचा माणूस तेवढा त्या बैठकीत नव्हता.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने निर्णयाच्या बैठकीत गावाचा माणूस असलाच पाहिजे, हाच आग्रह धरला. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एक जण जरी अडला तरी विषय पुढच्या बैठकीत जातो. त्याआधी अभ्यासगटात बसून गावकरी कायदा समजून घेतात, आणि बाहेरचा जाणकार तिथे बोलावलेला पाहुणा असतो. वेळ लागतो, फार लागतो. पण 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, तेव्हा त्या जंगलाचं काय करायचं हे घराघरात बोलून झालेलं होतं. मग अडलं ते बांबूवर. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो, वनखातं त्याला लाकूड धरून वाहतुकीचा परवाना देईना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आपला बांबू कोणाला आणि कितीला विकायचा, हे गाव ठरवू लागलं. त्या छोट्या पुस्तकाची किंमत कित्येक योजनांहून मोठी आहे.

आता पुन्हा प्रवरेकडे. ती गोष्ट कारखान्याच्या यशापाशी थांबवली तर अर्धीच राहते. ज्या उसावर तो सगळा परिसर उभा राहिला तो तोडणारी माणसं बीड आणि आसपासच्या कोरडवाहू गावांतून येतात. नवरा-बायकोच्या जोडीला त्या धंद्यात 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं, आणि मोजणीत एक हत्यार. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. आजारपणात एक दिवस गेला तरी 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. कारखान्याचा शेअर ऊस पिकवणाऱ्याचा, तोडणाऱ्याचा नाही. वार्षिक सभेत त्याला मत नाही. आणि स्वतःच्या जिल्ह्याचं नियोजन चालतं तेव्हा तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या फडात, पाचटाच्या कोपीत राहत असतो. सहकाराने ज्यांना भागीदार केलं त्यांचं भलं झालं यात शंका नाही. ज्यांना केलं नाही त्यांची तिसरी पिढी कोयता घेऊन निघते, हेही तितकंच खरं आहे.

तोडणी कामगारांच्या कल्याणासाठी शासनाने महामंडळ काढलं आहे, वसतिगृहांची योजना आहे. ते हवंच. पण बीडच्या विकासाचा आराखडा लिहिताना या माणसांना विचारलं तर ती बहुधा पाण्याचं, दुधाचं, गावातच मिळणाऱ्या कामाचं बोलतील, आणि कोणत्या महिन्यात काम मिळालं तर ती निघणार नाहीत, हेही नेमकं सांगतील. हा हिशेब त्यांच्याइतका पक्का दुसऱ्या कोणाकडे नाही.

म्हणून जिल्ह्याच्या नियोजनकारांना एक साधी विनंती. ऊसतोडीच्या गावांतल्या बैठका दसऱ्याच्या आधी घ्या. दसरा-दिवाळीनंतर त्या गावांत बहुतेक घरांत फक्त म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात.