लाकडाचा पीळ

मराठीत ‘वाकणे’ आणि ‘वाकडा’ हे शब्द एकाच कुळातले असले, तरी पहिल्यात नम्रता दिसते आणि दुसऱ्यात दोष. दंड पिळदार असला तर त्याचे कौतुक होते, पण लाकडात पीळ निघाला की सुतार ते बाजूला टाकतो. धनुष्याचे सारे काम वाकण्याचेच, तरीही ज्या दांड्यातून ते घडवायचे तो मात्र ओळंब्यासारखा सरळ हवा, अशी अपेक्षा सहसा धरली जाते, आणि ती तपासून पाहण्याजोगी आहे.

वसई-विरारच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराभोवती आणि पुढे पालघर जिल्हाभर पसरलेल्या वारली, कातकरी, मल्हार कोळी पाड्यांना तीरकामठा परका नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे कारण सरले आणि तो भिंतीवरच्या वारली चित्रांत अधिक दिसू लागला. हा कामठा मुख्यतः बांबूचा. बांबू हे गवत असल्याने त्याचे तंतू पेराच्या लांबीभर सरळ धावतात आणि सालीकडे दाट होत जातात, म्हणजे ताण सोसणारी पाठ निसर्गानेच तयार ठेवलेली असते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बांबूखेरीज ताड, लाकूड आणि शिंग यांची धनुष्येही सांगितली आहेत. वसईच्या किनाऱ्यावर मात्र ताडाकडे आज ताडगोळे आणि ताडी यांपलीकडे कोणी पाहत नाही. लाकडांमध्ये लवचिकपणासाठी धामणीचे नाव जुने असून तिचे संस्कृत नाव ‘धन्वन’ धनुष्याचीच आठवण देते.

पिळाचा प्रश्न खरा उभा राहतो तो लाकडाच्या लांब धनुष्यात, म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीच्या, एकाच दांड्यातून काढलेल्या धनुष्यात. अनेक झाडांच्या खोडात तंतू उभे न चढता मळसूत्रासारखे वळत चढतात. असे खोड करवतीने कापले की फळी डोळ्याला सरळ दिसते, पण तिच्यातले तंतू ठिकठिकाणी कडेबाहेर निघून तुटलेले असतात, आणि धनुष्य ओढल्यावर त्याच्या पाठीवर, म्हणजे नेमबाजाच्या विरुद्ध बाजूस, जो ताण येतो तो अशा तुटक्या टोकापाशी ढलपी उचलतो. तेच खोड पाचर ठोकून फाडले तर दांडा पिळलेला निघतो, कारण फाट तंतूंच्या वाटेने जाते. करवतीचा सरळपणा हा अशा वेळी दिखाऊ ठरतो आणि फाडलेल्या दांड्याचा वाकडेपणा प्रामाणिक. जाणता कारागीर दुसऱ्यालाच हात घालतो. मचवे बांधणाऱ्यांनाही ही गोष्ट ठाऊक होती, म्हणून होडीच्या फासळ्यांसाठी ते बाभळीचे मुळातच वाकलेले लाकूड निवडत.

पीळ काही प्रमाणात काढताही येतो. वाफ किंवा बेताची कोरडी धग दिली असता तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य मऊ होते, आणि तेवढ्या वेळात दांडा उलट पिळून शिकंज्यात आवळला व पूर्ण थंड होऊ दिला, तर नवा आकार बराचसा टिकतो. सगळा मात्र टिकत नाही. ओल धरली की लाकूड थोडे जुन्या वळणाकडे सरकते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण हेकट माणसासाठी वापरली जाते खरी, पण लाकडाच्या बाबतीत हा हेका नसून वर्षानुवर्षांच्या वाढीची ठेवण आहे, आणि ती पुरती मोडू पाहणारी जास्त धग लाकूड करपवून ठिसूळ करते.

उरलेल्या पिळाशी जुळवून घेण्याचे काम तासणीत होते. दोरी सैल चढवून धनुष्य थोडे थोडे ओढायचे, बाहू, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतचा भाग, कोठे ताठ राहतो ते पाहायचे आणि पोटाकडून, म्हणजे दोरीसमोरच्या अंगाने, तेवढ्याच जागी काचेच्या तुकड्याने खरवडायचे, हा क्रम अनेकदा फिरतो. ओढताना बाहू एका कडेला कलत असेल तर ती कड दुबळी समजावी आणि समोरच्या ताठ कडेचे लाकूड उतरवावे. कागदासारखे पातळ दोन-चार पापुद्रे निघाले तरी कल बदलतो. पाठीला मात्र हत्यार लावायचे नाही, तिथले तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहायला हवेत, मग ती पाठ खोडासारखी उंचसखल राहिली तरी चालते. शेवटी टोके एकमेकांशी थोडी तिरपी उभी असतात, बाहूंच्या कडा नागमोडी दिसतात, आणि दोरी मुठीच्या मध्यावरून जाते.