द्वंद्व आणि दंगल

मारामारी पाहण्यांत माणसाला एक प्रकारचा आनंद वाटतो, ही गोष्ट नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. कोल्हापूरचें खासबाग मैदान १९१२ सालीं पुरें झालें आणि तेव्हांपासून तें कुस्त्यांच्या दिवशीं माणसांनीं फुलत आलें, तें कांहीं लोकांना व्यायामशास्त्र शिकावयाचें होतें म्हणून नव्हे. हा आनंद निर्दोष कीं सदोष, हा वाद मात्र जुना आहे. प्रत्येक पिढींत एखाद्या नव्या करमणुकीच्या निमित्तानें तो पुन्हा उभा राहतो. पूर्वीं नाटकें होतीं, मग कादंबऱ्या आल्या, त्यानंतर चित्रपट. आज पाळी व्हिडिओ गेमची आहे. त्यांतही दोन योद्धे समोरासमोर उभे राहून एकमेकांना लोळवितात, अशा द्वंद्वखेळांविषयीं सुशिक्षित घरांतील आईबापांच्या मनांत विशेष धास्ती असते.

असा एक खेळ बाजारांत येण्यापूर्वीं जाणत्या खेळाडूंकडून पारखून घ्यावा, या हेतूनें कांहीं तरुणांनीं भिवंडींत एक बैठक भरविली होती. जाहिरात नव्हती; सारी आमंत्रणें तोंडीं. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें आम्हांस तेथें नेलें. जागा म्हणजे बंद पडलेल्या यंत्रमाग-कारखान्याची शेड. बाहेर शेजारच्या मागांचा खडखडाट, आंत दोन पडदे, चार बांकडीं आणि चाळीस-पन्नास मुलें. एकमेकांस मारलेल्या हांकांवरून मुलांत हिंदु-मुसलमान दोन्ही आहेत, हें कळत होतें. पडद्यावर एक योद्धा दुसऱ्याच्या छातीवर पाय देऊन उभा राही, आणि त्याच क्षणीं बांकावर हरलेला मुलगा जिंकलेल्याच्या खांद्यावर हात टाकून, शेवटचा डाव कसा साधलास, म्हणून विचारी. हें पाहून आमचें मन निवळलें. मात्र एक गोष्ट खटकली. सामना संपल्यावर, प्रतिस्पर्धी निपचित पडला असतां, त्याची हवी तशी विटंबना करण्यास जेत्याला कांहीं क्षण दिले जात. आणि सर्वांत मोठा गलका त्याच वेळीं होई.

या खेळांवरील आरोप नवा नाहीं. १९९२ सालीं निघालेल्या 'मॉर्टल कॉम्बॅट' या खेळांतील रक्तपातानें अमेरिकेंत मोठी खळबळ उडविली. डिसेंबर १९९३ मध्यें तेथील सिनेटमध्यें सुनावणी झाली, आणि पुढच्याच वर्षीं खेळांवर वयोमानाप्रमाणें शिक्के मारणारी संस्था त्या धंद्यानेंच उभी केली. आतां योगायोग पाहा. या सुनावणीच्या अगोदरच्या हिंवाळ्यांतच आमची मुंबई पेटली होती. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणें त्या दोन महिन्यांत ९०० माणसें मेलीं. ज्या हातांनीं तीं मारलीं, त्या हातांना असल्या खेळाची शिकवणी लागली नव्हती. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननेंही २०२० सालीं पुरावा पुन्हा तपासून सांगितलें कीं, आरडाओरड, धक्काबुक्की यांसारख्या वर्तनाशीं या खेळांचा थोडासा संबंध दिसतो. पण प्रत्यक्ष हिंसाचाराचें खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाहीं.

असें कां व्हावें, याचें उत्तर मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्य-संमेलनांत नरसिंह चिंतामण केळकर यांनीं 'सविकल्प समाधी'ची उपपत्ति मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, पण आपली भूमिका सर्वस्वीं सोडीत नाहीं. या दुहेरी अवस्थेंतच वाङ्मयाचा आनंद आहे, असें तिचें सार. बांकावरचा मुलगा याच अवस्थेंत असतो. तो योद्धाही असतो आणि स्वतःही असतो. म्हणूनच पडद्यावर मार खाऊन तो बांकावर हसूं शकतो.

परंतु हें विवेचन भिवंडीसारख्या गांवीं अपुरें पडतें. या गांवानें खरी हिंसा पाहिली आहे. ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं येथें दंगल उसळली; तिची चौकशी पुढें न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें केली. मे १९८४ मध्यें भिवंडी, ठाणें व मुंबई मिळून अडीचशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. आपल्या भाषेंत कुस्त्यांच्या फडालाही दंगल म्हणतात आणि या कत्तलीलाही दंगलच म्हणतात. शब्द एक असला तरी वस्तु एक नव्हे. फडांत दोघे आपखुषीनें उतरतात, प्रथम हात मिळवितात, आणि पाठ मातीला लागतांच थांबतात. रस्त्यावरच्या दंगलींत कोणीं कोणाशीं हात मिळविलेला नसतो. समोरच्याला नांव नसतें, चेहरा नसतो, आणि कोठें थांबावयाचें हें कोणींच ठरविलेलें नसतें.

महाभारतकारांनीं हा भेद फार सूक्ष्मपणें दाखविला आहे. भीम-दुर्योधनांचें गदायुद्ध हें द्वंद्व होय. भीमानें मांडीवर प्रहार करून नियम मोडला तेव्हां बलराम नांगर उगारून धांवला. पडलेल्या दुर्योधनाच्या मस्तकावर भीमानें पाय दिला, तेव्हां तर खुद्द युधिष्ठिरानें त्याचा धिक्कार केला. ज्याच्यामुळें आपलें राज्य गेलें, पत्नीची विटंबना झाली, त्या शत्रूविषयींही धर्मराजाला मर्यादा सुटूं द्यावयाची नव्हती. आणि त्याच रात्रीं अश्वत्थामा झोंपलेल्या शिबिरांत शिरला. तेथें द्वंद्व नव्हतें. शस्त्र उचलण्याची उसंतही त्यानें धृष्टद्युम्नास दिली नाहीं. पडलेल्याच्या मस्तकावरील पाय आणि निजलेल्यांची कत्तल यांत अंतर मोठें आहे खरें. पण समोरचा आपल्यासारखाच माणूस आहे, याचा विसर दोहोंच्याही मुळाशीं आहे.

म्हणून आमच्या मतें कसोटी रक्ताची नव्हे. खेळांत रक्त किती सांडतें हें मोजणाऱ्यांनीं चुकीचें माप हातीं घेतलें आहे. विचारावयाचें तें हें कीं, हरलेल्याशीं कसें वागावें असें हा खेळ शिकवितो? कोणी म्हणेल, पडलेला योद्धा म्हणजे नुसतें चित्र. त्याची विटंबना झाली तर कोणाचें काय गेलें? चित्राचें कांहींच गेलें नाहीं. पण त्या क्षणीं गलका करण्याची संवय ज्याला लागते, तो मुलगा चित्र नव्हे. प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावून बसलेला असतो तोंवर या संवयीला आपोआप आळा बसतो. हाच खेळ बंद खोलींत, कधीं न पाहिलेल्या माणसाशीं, तारेवरून चालतो आणि हरलेल्याला शिव्यांची लाखोली वाहिली जाते, तेव्हां तो आळा उरत नाहीं.

भिवंडीच्याच अनुभवाचा या मताला आधार आहे. १९८४ नंतर येथें पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला कमिट्या स्थापन केल्या. हिंदु आणि मुसलमान शेजारी पोलिसांसह नियमानें एकत्र बसूं लागले. बोलणें बहुधा नळ, गटारें, भाडेकरूंचीं भांडणें यांविषयींच असे. डिसेंबर १९९२ मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. तेथें भांडणें नाहींशीं झालीं होतीं असें नव्हे. भांडणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे माहीत झाले होते, इतकेंच.

२०२३ च्या हांगझौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत 'स्ट्रीट फायटर' या द्वंद्वखेळाला पदक लाभलें. तेव्हां हे खेळ आतां बंदीनें हटणारे नव्हेत. आईबापांनीं पडद्यावर डोळे वटारण्यापेक्षां बांकावर थोडा वेळ बसावें. आपला मुलगा कोणाशीं खेळतो, जिंकल्यावर काय म्हणतो, आणि पडलेल्याला उठावयास हात देतो कीं नाहीं, हें पाहावें. खेळ बंद करण्यापेक्षां हें काम कष्टाचें आहे. पण तें त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाला करतां येण्यासारखें नाहीं.